नर्सरीच्या पाट्या माळ्याला एका हातानं हलवता आल्या पाहिजेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर, उरुळी कांचनच्या अलीकडे दोन एकरांची वडिलांच्या काळापासूनची नर्सरी. आजवरचं गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी आणि बागेची कामं घेणारे ठेकेदार. आता पुण्यातली कुटुंबं शनिवार-रविवारी गाड्या घेऊन येतात, म्हणून शेडनेट बदलून, वाटा पाडून, कुंड्या-खतांचं छोटं दुकान बांधून सगळं नव्यानं मांडायचं आहे. पाट्यांसाठी दोन लाख बाजूला ठेवलेत. एका बोर्डवाल्यानं पंचेचाळीस फ्लेक्सचं कोटेशन दिलंय, दुसरा म्हणतो सगळं एसीपीत, म्हणजे दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या फळीत, करा. कुणाचं ऐकायचं? आणि वडिलांनी तीस वर्षांपूर्वी रंगवून घेतलेली पत्र्याची पाटी आहे, तिचं काय करायचं?

मी बावीस वर्षं पाट्यांच्या धंद्यात आहे. सुरुवात पेंटरच्या हाताखाली ब्रश धुण्यापासून केली, आता अक्षरं कापणारं राउटर मशीन आहे. नर्सऱ्यांची कामं फार नाही, नऊ-दहा केली असतील. पण त्यातलं पहिलं काम इतकं फसलं होतं की पुढच्या सगळ्या कामांचं शिक्षण तिथेच झालं.

दोन्ही कोटेशनं सध्या ड्रॉवरमध्ये ठेवा. दोघांनीही मटेरियल विकलंय, पाटीचा विचार कुणीच केलेला नाही. पंचेचाळीस हा आकडा त्यांना कुठून मिळाला, हे विचारून बघा.

आधी एक वही आणि पेन तुमच्या सगळ्यात बोलक्या माळ्याजवळ द्या. त्याला लिहायचा कंटाळा असेल तर काउंटरवरच्या मुलाला बसवा. सलग दोन शनिवार-रविवार गिऱ्हाईक जे जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. मी जिथे जिथे हे करून घेतलं तिथे निम्म्याच्या वर प्रश्न तेच तीन निघाले: केवढ्याला, उन्हात ठेवायचं की सावलीत, आणि घरात जगेल का. बाकीच्यांत ‘बाथरूम कुठे’, ‘कुंड्या कुठे’, ‘पैसे कुठे द्यायचे’, ‘गाडी आत आणू का’. मोनस्टेरा डेलिसिओसाचा उगम कोणत्या देशात झाला हे मला आजपर्यंत एकाही वहीत सापडलेलं नाही. पण डिझायनर मंडळी माहितीफलक काढतात तेव्हा पहिली ओळ तीच असते.

आता पहिल्या कामाची गोष्ट. नर्सरी मोठी, मालक हौशी. मी त्यांना दीडशे देखण्या पाट्या करून दिल्या, सनबोर्डावर, म्हणजे हलक्या फोमच्या प्लास्टिक फळीवर, छापील व्हायनल स्टिकर, प्रत्येक झाडाचा फोटो, नाव, चार ओळी माहिती, आणि प्रत्येक वाफ्याच्या कडेला पाइप गाडून त्यावर पक्क्या ठोकून. उद्घाटनाला फोटो छान आले. दोन महिन्यांनी सहज गेलो तर ‘जरबेरा’च्या पाटीखाली क्रोटन होते, ‘क्रोटन’च्या पाटीखाली रिकाम्या पिशव्यांचा ढीग, आणि ‘फर्न’च्या पाटीला कुणीतरी पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवला होता. माळ्याला विचारलं तर म्हणाला, “साहेब, ऊन सरकतं तशी झाडं सरकवावी लागतात. पाटी कुठं सरकते?”

चूक माझी होती. किराणा दुकानात साखरेचा कप्पा वर्षभर साखरेचाच राहतो. नर्सरीत माल जिवंत आहे. उन्हाळ्यात सावलीत येतो, पावसाळ्यात बाहेर जातो, विकून संपतो, नवी गाडी येते ती जागा दिसेल तिथे उतरते. अशा ठिकाणी जमिनीत गाडलेली झाडाची पाटी काही आठवड्यांत खोटं बोलायला लागते, आणि एकदा दोन पाट्या चुकीच्या निघाल्या की गिऱ्हाईक बाकीच्याही वाचत नाही, थेट माळ्याला हाक मारतं. म्हणून तुमच्या सगळ्या पाट्यांची विभागणी ‘हलतं काय आणि हलत नाही काय’ यावर करा. रस्ता, फाटक, पार्किंग, काउंटर, बाथरूम, खतांचं दुकान ही जागची हलत नाहीत. तिथे खर्च करा, पक्कं करा. विभाग वर्षातून एकदोनदा सरकतात. तिथे आकड्याला टांगलेली, शिडी लावून काढता येणारी पाटी. आणि झाडाची पाटी म्हणजे वाफ्यात किंवा कुंडीत खोचायची काडी. माळ्यानं एका हातात ट्रे आणि दुसऱ्या हातात पाटी उचलून चालू पडलं पाहिजे.

विभागांना नावं देताना तुमच्या डोक्यातली नावं देऊ नका. तुम्ही ‘ऑर्नामेंटल’, ‘श्रब्ज’, ‘सीझनल’ म्हणता, कारण घाऊक व्यापारात तसं बोलतात. कोथरूडहून आलेली बाई गॅलरी डोळ्यांसमोर ठेवून येते. तिला ‘घरातली झाडं’, ‘गॅलरीतली झाडं’, ‘भर उन्हातली झाडं’ हे लगेच कळतं. वेली, कुंपणाची झाडं, फळझाडांची कलमं हे शेतकरीही तसंच म्हणतो. एक विभाग मात्र मी प्रत्येक नर्सरीत आग्रहानं करायला लावतो, तो म्हणजे ‘देवपूजेची झाडं’. तुळस, बेल, जास्वंद, पारिजातक, शमी, आपटा, केवडा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं यातल्या बहुतेकांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण श्रावणात बेल, गणपतीत पत्री, दसऱ्याला आपटा आणि कार्तिकात तुळस मागायला येणारा माणूस एकच असतो. या विभागाच्या पाटीखाली एक रिकामी पट्टी टांगायला दोन आकडे ठेवा आणि ती सणाप्रमाणे बदला. बदलती पट्टी घरच्या घरी लिहा, प्रिंटिंगला पाठवू नका. पाठवलीत तर दसऱ्याची पट्टी दिवाळीत येते.

दर हा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि त्यावर छापील पाटी हा सगळ्यात वाईट उपाय. झाड एकच, पण सहा इंची पिशवीत एक दर, दहा इंची कुंडीत दुसरा, आणि पुढच्या लॉटला तिसरा. मी एका ठिकाणी रंगाची युक्ती केली ती टिकली. प्रत्येक दराला एक रंग. कुंडीच्या काठाला किंवा पिशवीला त्या रंगाच्या टेपचा तुकडा लावायचा आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक मोठी पाटी: निळा इतके, पिवळा इतके, लाल इतके. झाड कुठेही सरको, दर त्याच्यासोबत जातो. दर वाढले तर चार मोठ्या पाट्यांवरचे आकडे बदलायचे, चारशे झाडांवरचे नाही. रंग सहाच्या वर नेऊ नका, आणि हिरवा व काळा वगळा, ते झाडात आणि पिशवीत हरवतात. सहा दरांत न बसणारा माल, म्हणजे मोठे पाम, बोन्साय वगैरे, त्याला वेगळी चिठ्ठी.

मग झाडाच्या काडीवर काय लिहायचं? नाव, ऊन किती, पाणी किती. संपलं. ऊन सूर्याच्या चित्रानं दाखवा: पूर्ण सूर्य, अर्धा सूर्य, घर. पाणी शब्दांत लिहा, ‘रोज’, ‘माती कोरडी झाल्यावर’. थेंबांची चित्रं काढली की लोक थेंब मोजतात आणि तेवढे पेले ओततात, हे मी विनोदानं सांगत नाहीये. कण्हेर, डायफेनबाखिया, अडेनियम अशा विषारी झाडांच्या काडीवर ‘लहान मुलं, कुत्री-मांजरं असतील तर जपून’ एवढी ओळ लाल काठ देऊन घाला. यानं विक्री कमी होईल अशी भीती मालकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे, ती ओळ वाचणारी आई बाकीच्या काड्यांवरही विश्वास ठेवते.

नाव लिहिताना मराठीतली गंमत लक्षात घ्या. नुसतं ‘चाफा’ लिहिलंत तर भांडण ठरलेलं. सोनचाफा वेगळा, देवळाजवळचा पांढरा चाफा वेगळा, हिरवा चाफा म्हणजे वेल, नागचाफा आणखी निराळा, कवठी चाफा वेगळाच. यातली बरीचशी एकमेकांची नात्यातलीसुद्धा नाहीत. गिऱ्हाईक आजीच्या परसातला चाफा शोधत असतं आणि घरी भलताच जातो. तेव्हा पूर्ण बोलीतलं नाव मोठं, त्याखाली बाजारातलं इंग्रजी नाव, आणि शास्त्रीय नाव बारीक अक्षरात. शास्त्रीय नाव फक्त काडीवर, विभागाच्या पाटीवर नाही. फळझाडांच्या कलमांना जात आणि खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं ते, दोन्ही लिहा, कारण तिथे घेणारा शेतकरी आहे आणि तो पाच-सात वर्षांनी फळ बघणार आहे. फळरोपवाटिकेचा कृषी विभागाचा परवाना क्रमांक कलमांच्या विभागात ठळक लावा. शहरी गिऱ्हाइकाला त्याचं काही नसतं, शेतकरी मात्र आधी तोच शोधतो.

काड्या कशाच्या? पांढऱ्या, खरखरीत प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात त्या घ्या आणि त्यावर शिसपेन्सिलीनं लिहा. हो, साध्या मऊ शिसपेन्सिलीनं. ‘परमनंट’ म्हणवणारा मार्कर उन्हात काही महिन्यांत जांभळट होऊन उडतो. शिशाला ऊनही उडवत नाही, पाणीही धूत नाही. खोडरबरानं पुसून पट्टी पुन्हा वापरता येते हा वरचा फायदा. जास्त खपणाऱ्या तीस-चाळीस झाडांच्या काड्या छापून घ्या, बाकीच्या हातानं.

आता रंग. प्रत्येक नर्सरीवाला मला पहिल्यांदा हिरवी पाटीच सांगतो. हिरव्या झाडांत, हिरव्या नेटखाली हिरवी पाटी म्हणजे सापडू नये म्हणून लपवून ठेवल्यासारखं. आणि हिरव्या शेडनेटखालचा उजेड फसवा असतो. माझ्या ऑफिसात झकास दिसणारी लाल अक्षरं नेटखाली चॉकलेटी-काळपट झाली होती, मालक म्हणाले छपाई खराब आहे, छपाई व्यवस्थित होती. नेट नवीन टाकताय तर आधी नेट टाका, मग त्याखाली दुपारी बारा वाजता फूटभराचे चार नमुने लटकवा आणि वीस पावलांवरून बघा. माझी पसंती फिक्या पिवळ्यावर किंवा साईसारख्या पांढऱ्यावर काळी अक्षरं. दिसायला साधी, पण वाचायला पक्की. ब्रँडचा रंग वगैरे हौस काठाच्या पट्टीत भागवा.

फोटोंचंही तसंच. छापील फोटोतला लाल-गुलाबी आणि पिवळा रंग उन्हात आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतो. एका उन्हाळ्यात तुमचा गुलाब निळा होतो आणि आंबा करडा. झाड समोर असताना त्याचा फोटो लावायचा मोह उघड्यावर टाळा. फोटो हवाच असेल तर तो खतांच्या दुकानात, छपराखाली, ‘हे रोप मोठं झाल्यावर असं दिसतं’ म्हणून. तिथे त्याचा खरा उपयोग आहे, कारण पिशवीतल्या बहाव्याला पाहून त्याची पिवळी झुंबरं कुणाला सुचत नाहीत.

मटेरियलबद्दल दोन्ही बोर्डवाल्यांच्या मधलं मी सांगतो. उघड्यावर फ्लेक्स घेऊ नका, वर्षभरात भेगाळतो, आणि फाटका फ्लेक्स नर्सरीला शोभत नाही. सनबोर्ड पाण्यानं खराब होत नाही पण एप्रिलच्या उन्हात पापडासारखा वाकतो. शिवाय त्यावरच्या स्वस्त व्हायनलच्या कडा सुटतात आणि फॉगरचं, म्हणजे धुक्यासारखे तुषार सोडणाऱ्या नळ्यांचं, पाणी आत जाऊन खाली शेवाळ धरतं. तो छपराखालीच ठीक. एसीपी चांगलं, तीन मिलिमीटरचं पुरे, पण चारही कडा आत दुमडून घेतलेलं, कापलेली कड उघडी नको. आणि तरीही सगळीकडे एसीपी हा पैशाचा अपव्यय आहे. विभागाच्या टांगत्या पाट्या मी अजूनही गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर, आधी त्याला चिकटणारा प्रायमर मारून, ऑइल पेंटनं हातानं लिहून घ्यायला सांगतो. तुमच्या भागात ट्रकच्या मागे लिहिणारे पेंटर अजून आहेत, त्यांचा हात सुंदर असतो. नाव बदलायचं तर तोच माणूस येऊन अर्ध्या तासात बदलतो.

बोअरच्या पाण्याचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. तुमच्याकडचं पाणी जड असणार. स्प्रिंकलरचे तुषार पाटीवर पडले की वाळून पांढरे क्षार बसतात, आणि चार महिन्यांत काळी पाटी करडी होते. पाट्या लावण्याआधी एकदा सगळे स्प्रिंकलर आणि फॉगर चालू करून फेरी मारा, ओलं कुठवर होतं त्यावर खडूनं खूण करा, आणि पाटी त्याच्या बाहेर ठेवा. खतांची फवारणी जिथे होते तिथे साधे स्क्रू सहा महिन्यांत गंजून पाटीवर तांबडे ओघळ सोडतात. स्टेनलेस स्टीलचे 304 ग्रेडचे स्क्रू सांगा आणि कोटेशनमध्ये लिहून घ्या, कारण वाचवायची जागा म्हणून सगळे तिथेच हात मारतात.

रस्त्यावरची पाटी. तुमच्या दोन लाखांतले निम्मे इथे जाऊ द्या. हायवेला गाडी ताशी 60 किलोमीटरनं धरली तर ती सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. चालकानं पाटी बघायची, वाचायची, बायकोला विचारायचं, आरसा बघायचा आणि वेग कमी करायचा, याला मी सहा सेकंद धरतो. म्हणजे 100 मीटर, सव्वातीनशे फूट. रोमन अक्षराला दर 30 फुटांना एक इंच असा आमच्यात ढोबळ हिशेब चालतो. देवनागरीला मी 25 फुटांना एक इंच धरतो, कारण आपल्या अक्षरात रेघा जास्त आणि वेलांटी-काना ओळखू आल्याशिवाय शब्द उमगत नाही. हिशेब येतो 13 इंचांचा. आता इथे सगळे चुकतात: ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. मात्रा, वेलांटी, अनुस्वार वर, उकार खाली, यासाठी आणखी आठ-नऊ इंच सोडावे लागतात. म्हणजे नावाची एकच ओळ 22 इंचांची झाली. चार फूट उंचीच्या पाटीत मग दुसरी एक छोटी ओळ आणि बाण एवढंच मावतं. मावेल तेवढंच लिहा. फोन नंबर, ‘प्रो. प्रा.’, सहा प्रकारच्या सेवा, गुलाबाचा फोटो, यातलं काहीही 60 च्या वेगात कुणी वाचत नाही.

सोलापूरहून येणाऱ्याला मध्ये दुभाजक आहे. त्याला पाटी समोर आल्यावर कळून उपयोग नाही, तो पुढच्या यू-टर्नपर्यंत विसरून जातो. त्याच्यासाठी यू-टर्नच्या आधी एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर भाडं देऊन छोटी पाटी लावता आली तर बघा. मात्र राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दीत परस्पर खांब रोवू नका, तो उपटून नेतात आणि दंड वेगळा. तुमची जागा ग्रामपंचायतीत असेल, पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हद्दीत असेल, ज्याची हद्द त्याची लेखी परवानगी आधी. महापालिकेत हे काम ‘आकाशचिन्ह व परवाना’ विभागाकडे असतं, ते नाव मला फार आवडतं, पण तुम्हाला ते लागू व्हायचं कारण नाही.

मराठीबद्दल: 2022 मध्ये राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही देवनागरीत मराठी नामफलक लागतो आणि मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2023 मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती, ती कधीच उलटली. तुम्हाला अडचण नाही, पण डिझायनर इंग्रजी ‘गार्डन सेंटर’ मोठं आणि मराठी खाली पट्टीत टाकून आणेल, ते परत पाठवा.

वाऱ्याचं गणित मात्र हसण्यावारी नेऊ नका. भारतीय मानकात पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय. त्यावरून चौरस मीटरला साधारण 93 किलोचा दाब निघतो. दहा बाय चार फुटांची पाटी म्हणजे पावणेचार चौरस मीटर, म्हणजे वळवाच्या वादळात साडेतीनशे किलोचा धक्का, तोही आठ-दहा फूट उंचीवर, आणि हा ढोबळ आकडा आहे, उभ्या फळीला प्रत्यक्षात याहून जास्त बसतो. मे 2024 मध्ये घाटकोपरला होर्डिंग पडून 17 माणसं गेली. तुमची पाटी त्याच्या तुलनेत चिमुकली, पण खाली उभी राहणारी माणसं तशीच. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून खांब, खांबाखालची बेसप्लेट आणि पाया यांचं माप काढून घ्या, त्याची फी पाटीच्या मानानं किरकोळ असते. आणि त्याला सांगा की माती काळी आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दोन फुटांच्या पायावरचा खांब दोन वर्षांत कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा, मग कितीही खोल जावं लागो.

पाटी उभी करण्याआधी आजूबाजूला काय वाढणार आहे तेही बघा. नर्सरीवाल्याला हे सांगताना लाज वाटते, पण मी स्वतः तीन नर्सऱ्यांच्या पाट्या त्यांच्याच बॉटल पामच्या मागे गेलेल्या पाहिल्या आहेत.

उजेडाचा खर्च कमी ठेवा. तुम्ही सात-साडेसातला बंद करता. अक्षरांच्या पोटात एलईडी भरण्यापेक्षा वरून खाली सोडलेले, धूळ-पाणी आत न घेणारे आयपी 65 दर्जाचे दोन फ्लडलाइट पुरतात. पिवळसर प्रकाशाचे घ्या, पांढऱ्यावर किडे जास्त येतात, किड्यांमागे पाली आणि कोळ्यांची जाळी. पाण्याच्या जागेत वीज आहे, तेव्हा पाट्यांच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, वेगळा हवा. इलेक्ट्रिशियन ‘मेनला आहे की’ म्हणेल. वेगळाच लावायला सांगा, नाहीतर पहिल्या पावसात पाटी ट्रिप होईल आणि त्याबरोबर बोअरची मोटार बंद पडेल.

आतल्या पाट्या शेडनेटच्या सांगाड्याला लटकवताना पाइपला भोक पाडू देऊ नका. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पाइपचं कोटिंग भोकापाशी जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. यू-क्लॅम्प वापरा. पाटी दोन ठिकाणी टांगलेली हवी, एका आकड्यावर ती वाऱ्यात गिरकी घेते आणि नेट कापते. उंची ठरवायची पद्धत अशी: तुमच्याकडचा सगळ्यात उंच पाम ट्रॉलीवर चढवा आणि सगळ्या वाटांनी फिरवा. पाटी त्याच्या वर. मी एकदा माणसाच्या उंचीवरून सात फूट ठरवले आणि पहिल्याच रविवारी ‘काउंटर इकडे’ची पाटी एका अरेका पामनं उडवली.

क्यूआर कोडबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. काउंटरवर पैशांसाठी ठीक. झाडांवर लावायचा तर त्यामागचं पान पुढची पाच वर्षं कोण सांभाळणार त्याचं नाव आधी सांगा.

छपाईला देताना फाइल वक्ररेषांत, म्हणजे अक्षरांचं चित्र होईल अशी ‘कर्व्ह’ करून द्या किंवा घ्या, आणि कर्व्ह झाल्यावर पुन्हा वाचा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर मागे-पुढे सरकते, रफार हरवतो, ‘कुंड्या’चा ‘कुंडया’ होतो. संगणकावर आपण काय लिहिलंय ते माहीत असल्यामुळे चूक दिसत नाही. प्रिंट काढून, ज्यानं मजकूर लिहिलेला नाही अशा माणसाला मोठ्यानं वाचायला लावा. घरात दहावीतलं पोर असेल तर उत्तम. आणि काम संपल्यावर मूळ फाइल तुमच्याकडे हवी, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. नाहीतर एक पाटी बदलायला त्याच माणसाच्या दारात उभं राहावं लागतं.

आता क्रम. शेडनेट, वाटा आणि काउंटर जागेवर आल्याशिवाय एकही पक्की पाटी करू नका. ते झालं की घरातली जुनी खोकी फाडा, मार्करनं विभागांची नावं आणि बाण लिहा, सुतळीनं बांधा आणि एक रविवार तसंच चालवा. तुम्ही कोपऱ्यात खुर्ची टाकून बसा. लोक कुठे थांबतात, कुठून परत फिरतात, कुणाला हाक मारतात ते बघा. एका नर्सरीत अशा खोक्याच्या पाट्यांनी आम्हाला कळलं की सगळे लोक फाटकातून डावीकडे वळतात, कारण उजवीकडे कुत्रं बांधलेलं होतं. त्या पाटीचे पैसे वाचले, कुत्रं हलवलं. रविवार संपला की पाट्या मोजा. पंचेचाळीस होणार नाहीत, पक्क्या पाट्या वीसच्या आतबाहेर राहतील असा माझा अंदाज आहे. हे सगळं मेच्या मध्यापर्यंत उरका, कारण जूनमध्ये फळझाडांचं गिऱ्हाईक सुरू झालं की तुम्हाला माझा फोनही घ्यायला वेळ मिळणार नाही, आणि ओल्या मातीत पायाचं काम कुणी नीट करत नाही.

राहिली वडिलांची पाटी. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून दिसतंय की पत्रा खालच्या कडेला गंजलाय पण अक्षरं शाबूत आहेत, आणि ‘नर्सरी’तला रफार ज्या झोकात काढलाय तसा आता कुणी काढत नाही. ती रस्त्यावर नको, तिथे ती वाचली जाणार नाही आणि टिकणारही नाही. मऊ कापड आणि साध्या साबणाच्या पाण्यानं पुसा, मागच्या बाजूचा गंज खरवडून रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या प्रायमरचा, हात द्या, आणि काउंटरच्या मागच्या भिंतीवर, भिंतीपासून इंचभर पुढे, छपराखाली लावा. पुढच्या बाजूला पॉलिश नको, वॉर्निश नको. माझ्यासारखा एखादा उत्साही पेंटर येऊन “फक्त अक्षरांवरून एक हात फिरवतो” म्हणेल, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.